पट, सातबारा आणि महालयाची यादी

दरवर्षी मे महिन्यात आमच्या माहेरचे कुलसंमेलन गुहागरला भरते. पुणे, डोंबिवली, इंदूर अशा गावी पांगलेली सत्तर-ऐंशी माणसे चिपळूणला उतरून तेथून एसटीने किंवा मिळेल त्या वाहनाने गुहागर गाठतात. अनेक चित्पावन घराण्यांप्रमाणे आमचेही कुलदैवत व्याडेश्वर आणि कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी, त्यामुळे पहिल्या सकाळी व्याडेश्वराला लघुरुद्र होतो. अकरा जणांनी बसून रुद्राची प्रत्येकी ११ आवर्तने, म्हणजे एकूण १२१ आवर्तने करायची असतात आणि अलीकडे त्या अकरांत आमच्या दोन वहिनीही बसतात. फणसाची भाजी आणि आमरस यांविषयी वेगळे काही सांगायला नको.

मला लिहायचे आहे ते वंशावळीच्या पटाविषयी. मांजरपाटावर काढलेले हे झाड संमेलनात ओटीच्या भिंतीवर टांगले जाते आणि मुले त्यावर आपापला बाप शोधतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे तीच ती नावे एकाआड एक पिढीत येत राहतात. बाईचे नाव मात्र अगदी अलीकडच्या दोन पिढ्या सोडल्या तर कोठेही नाही आणि तेथेही मुलीच्या नावाशी रेघ थांबते. एका चुलत पणजोबांच्या नावाखाली ‘निर्वंश’ असे लिहिले आहे. त्यांना तीन मुली होत्या, आणि त्यांतील एकीची नात यंदा त्याच पटाखाली बसून आंबा चोखत होती.

मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि २००५ साली ती देशभर लागू झाली. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली तेव्हा भावाच्या बरोबरीने माझेही नाव सातबाऱ्यावर चढले. म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात मी आहे. पटावर आहे ती रेघ संपलेली अशी.

म्हणून यंदा आम्ही चार-पाच माहेरवाशिणींनी पट पुरा करण्याची गोष्ट काढली. ‘कापडावर आता जागा कुठे आहे?’ हा पहिला आक्षेप अपेक्षितच होता. खरी अडचण निराळीच निघाली, कारण लेकी-सुनांची नावे कोणालाच सांगता येईनात. लग्नात नाव बदललेले, त्यात पाच पिढ्यांत चार लक्ष्म्या, आणि प्रत्येकीला घरात ‘काकू’ किंवा ‘वहिनी’ याखेरीज कोणी काही म्हटलेलेच नाही.

तेव्हा एक वृद्ध काका काही न बोलता आत गेले आणि पोथीच्या रुमालातून चार घड्यांचा एक कागद घेऊन आले. ती महालयाची यादी होती. भाद्रपदातील पितृपक्षात महालयाच्या वेळी वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबरच आई, आजी, पणजी, शिवाय आईकडचे पूर्वज, काका, मामा, आणि आत्या, मावशी, बहीण यांनाही नवरा-मुलांसह नावागोत्राने पिंड दिले जातात, आणि गुरुजींनी विचारल्यावर अडायला नको म्हणून घराघरांत अशी यादी करून ठेवलेली असते. आमच्या यादीच्या घड्या झिजून आरपार उजेड दिसत होता, एका कोपऱ्याला हळदीचा डाग होता आणि वरच्या आठ ओळी मोडीत होत्या. मोडी शिकलेल्या भाचीने त्या बोट ठेवून वाचल्या. पटावर नसलेल्या एकवीस बाया त्या एका कागदावर निघाल्या. श्राद्धपक्षावर माझा फारसा विश्वास नाही, पण ज्या विधीला मी आजवर नाक मुरडत आले, त्यानेच या बायकांची नोंद जपली होती हे मला मान्य करावे लागले. अर्थात, पटावर येण्यासाठी पुरुष असावे लागते, तसे या यादीत येण्यासाठी मृत असावे लागते.

माहेरची नावे मात्र यादीतही नव्हती. पणजीपाशी आम्ही अडलो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून एका काकूंनी सांगितले, ‘त्या अंजनवेलच्या. माहेरी त्यांना ठकी म्हणत, असं माझ्या सासूबाई सांगायच्या.’ भाचीने स्टुलावर चढून पणजोबांच्या वर्तुळाला लागून ते नाव लिहिले, पण पेन्सिलीने. शाई फिरवायची की नाही, ते पुढच्या मे महिन्यातील सभेत ठरायचे आहे.