कर्ज नेमके कोणत्या राज्यात दिले गेले?

करारनाम्याच्या शेवटच्या पानांपैकी एकावर, बारीक अक्षरांत, एक कलम होते: हा करार डेलावेअर राज्याच्या कायद्यानुसार चालेल आणि कर्ज डेलावेअरमध्येच दिले गेले असे मानले जाईल. माझ्या पक्षकार पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियात एका वृद्धाश्रमात साहाय्यक म्हणून काम करतात. त्या कलमावर बोट ठेवून त्यांनी मला विचारले, "मी यावर सही केली आहे, म्हणून इथला कायदा मला लागू होत नाही असं कर्ज देणारी कंपनी फोनवर सांगते. हे खरं आहे का?" गरजूंना विनामूल्य कायदेशीर मदत देणाऱ्या आमच्या कार्यालयात ऑनलाइन पेडे लोनची, म्हणजे पुढच्या पगारावर मिळणाऱ्या अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांची, प्रकरणे नेहमी येतात. बहुतेक लोक कर्ज माफ होईल का एवढेच विचारतात. या बाईंनी मात्र पहिल्याच वाक्यात प्रकरणाच्या मुळावर हात ठेवला होता.

गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यांनी घरी बसून, मोबाइलवरून ५०० डॉलरचे कर्ज घेतले होते. त्यांना पगार दर दोन आठवड्यांनी मिळतो. प्रत्येक पगाराच्या दिवशी कंपनी त्यांच्या खात्यातून १५० डॉलर परस्पर वळते करून घेत असे आणि त्याला मुदतवाढीचे शुल्क म्हणत असे. मुद्दल त्यातून एका सेंटनेही कमी होत नव्हते. सहा वेळा असे होऊन ९०० डॉलर गेले होते आणि तरीही ५०० डॉलर देणे बाकीच होते. वार्षिक दर काढला तर तो ७८० टक्के येतो. पेनसिल्व्हेनियाच्या १९७४ च्या व्याजविषयक कायद्यानुसार, परवाना नसलेल्या सावकाराला ५०,००० डॉलरपर्यंतच्या अशा कर्जावर वर्षाला ६ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. त्या दराने ५०० डॉलरवर दोन आठवड्यांचे व्याज साधारण १ डॉलर १५ सेंट होते. परवाना घेतलेल्या कंपन्यांनासुद्धा साधारण २४ टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. डेलावेअरमध्ये मात्र परवाना घेतलेल्या सावकारांच्या व्याजदराला कमाल मर्यादाच नाही. एक डॉलर पंधरा सेंट आणि दीडशे डॉलर यांतला सगळा फरक त्या एका कलमावर उभा होता.

मी त्यांना सांगितले की ते कलम म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ‘कॅश अमेरिका नेट ऑफ नेवाडा’ ही कंपनी पेनसिल्व्हेनियात एकही कार्यालय न ठेवता इथल्या रहिवाशांना इंटरनेटवरून कर्जे देत असे. इथल्या बँकिंग विभागाने २००८ मध्ये जाहीर केले की अशा कंपन्यांनाही परवाना घ्यावाच लागेल. कंपनी न्यायालयात गेली आणि २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विभागाचे म्हणणे मान्य केले. कॅन्ससने युटाच्या क्विक पेडे या कंपनीला आपला कायदा लावला, तेव्हा आंतरराज्यीय व्यापारात अडथळा येतो हा कंपनीचा आक्षेप संघीय अपील न्यायालयाने २००८ मध्ये फेटाळला. सर्वसामान्य माणसाला संरक्षण देणारा राज्याचा कायदा छापील करारातल्या एका ओळीने बाजूला सारता येऊ लागला, तर तो करून उपयोग काय? कर्जदार जिथे बसून अर्ज भरतो, जिथल्या खात्यात पैसे जमा होतात आणि जिथल्या पगारातून ते परत जातात, त्या राज्याला या व्यवहाराबद्दल बोलण्याचा अधिकार आहे, असे माझे ठाम मत आहे.

याची दुसरी बाजूही त्यांना सांगणे भाग होते. फिलाडेल्फियाहून डेलावेअरची हद्द गाडीने अर्ध्या तासावर आहे आणि तिकडे पेडे लोनची दुकाने कायदेशीरपणे चालतात. त्या स्वतः गाडी चालवत तिकडे गेल्या असत्या, तिथल्या काउंटरवर सही करून पैसे घेऊन आल्या असत्या, तर माझे उत्तर इतके सरळ आले नसते. इंडियानाचे रहिवासी इलिनॉयमध्ये जाऊन गाडी तारण ठेवून कर्ज घेत, त्या व्यवहारांना इंडियानाचा कायदा लावता येणार नाही, असा निकाल आणखी एका संघीय अपील न्यायालयाने २०१० मध्येच दिला आहे. पेनसिल्व्हेनिया ज्याच्या कक्षेत येते त्या संघीय अपील न्यायालयाने २०२२ मध्ये अशाच कर्जांबाबत राज्याच्या बाजूने कौल दिला, तरी असा वाद लांबतो. म्हणून मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारले: अर्ज भरताना तुम्ही कुठे होता, कोणत्या फोनवरून भरला, पैसे कोणत्या शाखेच्या खात्यात आले? त्यांची उत्तरे मी सही-तारखेसह प्रतिज्ञापत्रात लिहून घेतली.

परंतु त्या दिवशी निकालांपेक्षा निकडीची गोष्ट वेगळीच होती. तो सोमवार होता आणि पगार शुक्रवारी होणार होता. ठरावीक अंतराने आपोआप वळती होणारी रक्कम थांबवायची असेल, तर ग्राहकाने निदान तीन कामकाजाचे दिवस आधी बँकेला कळवले पाहिजे, असा संघीय नियम आहे. कायदा आपल्या बाजूने असूनही शुक्रवारी सकाळी आणखी १५० डॉलर गेले असते, तर त्या महिन्याचे घरभाडे चुकले असते. आम्ही दोघी तशाच त्यांच्या बँकेत गेलो. "तुम्ही परवानगी दिली आहे, ती कंपनीकडूनच रद्द करून घ्या," असे तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितले. मी नियमाची छापील प्रत पुढे ठेवली आणि बँकेला हा आदेश पाळावाच लागतो हे शांतपणे, पण मागे न हटता सांगत राहिले. शेवटी व्यवस्थापकांनी लेखी अर्ज स्वीकारून पोच दिली. अशा प्रकरणांत ती पोच मला कोणत्याही युक्तिवादाहून मोलाची वाटते, कारण सावकाराची खरी ताकद करारात नसते, ती खात्यापर्यंत पोचलेल्या त्याच्या हातात असते.

दुपारी मी कंपनीला फोन केला. प्रतिनिधीने आधी डेलावेअरचे कलम वाचून दाखवले, मग आमचे कार्यालय तुमच्या राज्यात नाही असे सांगितले आणि पैसे न दिल्यास बाईंना अटक होऊ शकते असेही सुचवले. कर्ज फेडता आले नाही म्हणून या देशात कोणाला तुरुंगात टाकत नाहीत, हे मी त्याला तिथल्या तिथे सुनावले आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना क्रमांक मागितला. तो त्याच्याकडे नव्हता. त्याच संध्याकाळी नोटीस गेली: ६ टक्क्यांनी हिशेब केल्यास हे कर्ज चौथ्या कपातीलाच पूर्ण फिटले आहे आणि व्याज तीन डॉलरपेक्षाही कमी होते, जादा घेतलेल्या व्याजाच्या तिप्पट रक्कम मागण्याचा हक्क राज्याचा कायदा कर्जदाराला देतो. थोड्याच दिवसांत कंपनीने कोणतीही चूक मान्य न करता खाते बंद केले आणि जादा गेलेले जवळपास ४०० डॉलर परत पाठवले. तिप्पट रकमेसाठी दावा लावायचा की नाही, हा निर्णय बाईंचा होता. त्यांनी पैसे घेऊन प्रकरण मिटवणे पसंत केले.

त्यांच्या पिशवीत दुसऱ्या कर्जाचेही कागद होते, आणि तिथे इतके स्पष्ट उत्तर माझ्याकडे नव्हते. त्यावर सावकार म्हणून युटातल्या एका बँकेचे नाव होते. संघीय परवाना असलेली नेब्रास्कातली बँक मिनेसोटाच्या ग्राहकांना आपल्या राज्याच्या दराने व्याज लावू शकते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ठरवले आणि १९८० च्या कायद्याने तीच सवलत राज्यांचा परवाना असलेल्या बँकांनाही मिळाली. (भारतातही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत असा निर्णय दिला, तेव्हा मला याच पेचाची आठवण झाली होती.) बँक खरोखर कर्ज देत असेल तर इथला ६ टक्क्यांचा नियम तिला अडवू शकत नाही. पण बँकेचे केवळ नाव असेल आणि पैसा, जोखीम व नफा दुसऱ्याच कंपनीचा असेल, तर खरा सावकार कोण हे विचारता येते. याच भागातल्या चार्ल्स हॅलिनन यांनी आधी बँकांचे आणि पुढे राज्यांचे कायदे आपल्याला लागू नाहीत असे म्हणू शकणाऱ्या मूलनिवासी जमातींचे नाव पुढे करून पेडे लोनचा धंदा केला. फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात २०१७ मध्ये ते दोषी ठरले आणि पुढच्या वर्षी त्यांना १४ वर्षांची शिक्षा झाली. त्यामुळे दुसरे कर्जही आम्ही सोडून दिलेले नाही. बँकेने ते किती दिवसांत कोणाला विकले आणि वसुलीतला कोणता वाटा कोणाकडे जातो, याची कागदपत्रे आम्ही लेखी मागवली आहेत आणि राज्याच्या बँकिंग विभागाकडे तक्रारही नोंदवली आहे.