बेडकाचं अंडं आणि वाया गेलेली दुपार

आज बेडकाच्या फलित अंड्याचं टाइमलॅप्स चित्रण बघितलं आणि बाकीची कामं तशीच राहिली. एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अंडं मात्र तसूभरही वाढत नाही! तेवढ्याच ऐवजाच्या वाटण्या होत राहतात. मग आत पोकळी तयार होते, आणि पुढचा भाग मी कितीदा मागे नेऊन बघितला कोण जाणे. बाहेरच्या पेशी एका फटीतून आत शिरतात आणि तीन थर बनतात. मधल्यातून स्नायू, हाडं, हृदय; आतल्यातून आतड्याचं अस्तर; बाहेरच्यातून त्वचा आणि मेंदूसुद्धा. (त्वचा आणि मेंदू एकाच घरचे, हे काही केल्या पचत नाही.)

या फटीच्या वरच्या काठाचा तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावला तर? तिथे दुसरा भ्रूण घडू लागतो, तोही बराचसा यजमानाच्याच पेशींतून! न्यूटवरचा (बेडकासारखाच उभयचर, पण शेपटीचा) हा प्रयोग हान्स श्पेमान आणि हिल्डे मॅन्गोल्ड यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. श्पेमानना १९३५ चं नोबेल मिळालं. प्रयोग हिल्डेने स्वतःच्या हातांनी केला होता. ती १९२४ मध्येच, वयाच्या २५व्या वर्षी, भाजून गेली.