कार्लिंगफर्डचा स्टॅग वीकेंड: आधी एअरकोड मागा, मग पैसे भरा

घराच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘गाव चालत जाण्याच्या अंतरावर’. चालत लोक पंढरपूरलाही जातात. आमचं घर आयर्लंडमधल्या कार्लिंगफर्डच्या चौकापासून साडेचार किलोमीटरवर, डंडॉककडे जाणाऱ्या आर १७३ वरून आत वळलेल्या एका बोरीनच्या टोकाला निघालं. बोरीन म्हणजे एक गाडी जेमतेम जाईल असा, मधोमध गवत उगवलेला शेतरस्ता. घर झकास होतं. दिवाणखान्यात शेकोटी, खिडकीतून खाडी, झोपायला सगळ्यांना पुरेसे पलंग. पण स्टॅगला, म्हणजे लग्नाआधी नवरदेवाच्या दोस्तांच्या पार्टीला, आलेली पोरं घरात असतात किती वेळ? सगळा खेळ घर आणि पब यांच्यामधल्या रस्त्याचा, आणि त्या रस्त्यानेच आमची वाट लावली. म्हणून बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, रस्त्याचा भाग वाचा.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्लिंगफर्ड लाउथ काउंटीत, कूली द्वीपकल्पावर. डब्लिनपासून साधारण १०० किलोमीटर. एम १ हा मोटरवे धरायचा, ड्रॉहेडापाशी एक टोल भरायचा, डंडॉकच्या उत्तरेला १८ नंबरच्या जंक्शनला उतरायचं. एका अंगाला स्लीव्ह फॉय डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये चिंचोळ्या मध्ययुगीन गल्ल्या आणि बाराव्या शतकाच्या अखेरीचा पडका किंग जॉन्स कॅसल. दोस्तांचा जसा स्टॅग, तशी नवरीच्या मैत्रिणींच्या पार्टीला इथे हेन म्हणतात, आणि या दोन्ही जमाती शनिवारी इथे थव्याने उतरतात. आमच्यात निम्मे मराठी, निम्मे नवरदेवाच्या ऑफिसातले आयरिश. डब्लिनमध्ये स्टॅग केला की अकरा वाजेपर्यंत अर्धी टोळी हरवते. इथे हरवायला जागाच नाही. एका पबमधून बाहेर पडून दुसऱ्यात शिरेपर्यंत तुमचा हरवलेला माणूस तिसऱ्याच्या दारात सिगरेट ओढताना सापडतो. तेव्हा गावाची निवड बरोबर. त्यावर माझी काही तक्रार नाही.

आता रस्ता.

शुक्रवारी आणि शनिवारी इथले साधे पब साडेबाराला देणं थांबवतात. हातातलं संपवायला आणखी अर्धा तास. काही बारना उशिरापर्यंतचा परवाना असतो, पण बहुतेक गाव एकाच वेळी रस्त्यावर येतं आणि प्रत्येकाला त्याच दोन-चार गाड्या हव्या असतात. फोनवरच्या टॅक्सी ॲपचा भरवसा धरू नका, आमच्या नकाशावर एकही गाडी दिसली नाही. शिवाय इथे टॅक्सी आणि हॅकनी या वेगळ्या गोष्टी आहेत. टॅक्सीच्या टपावर पाटी असते आणि आत मीटर. हॅकनीला दोन्ही नसतं. ती रस्त्यात हात करून थांबवायची नसते, आधी सांगून ठेवायची आणि भाडंही आधीच ठरवायचं. खेड्यात रात्री जे काही मिळतं ते बहुधा हॅकनीच. पहिल्या रात्री सगळ्या गाड्या कुठल्यातरी हेन पार्टीने दुपारीच बांधून ठेवल्या होत्या. बायका शहाण्या.

मग आम्ही चालत निघालो. गावाची वेस संपली की फुटपाथ संपतो, दिवे संपतात. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण आणि दगडी बांध रस्त्याला इतके चिकटून की अंग चोरायला हातभर जागा नाही. वेगमर्यादा ८०, आणि वळणावर समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसता ते शेवटच्या क्षणाला. ऑक्टोबरअखेरचा पाऊस, मोठा नाही, नुसता चिकट. आयरिश मंडळी गाणी म्हणत पुढे, आमचे मागे, सगळ्यांचे कपडे काळे किंवा निळे. नवरदेवाच्या कपाळाला हौसेने मुंडावळ्या बांधल्या होत्या. मोबाइलच्या उजेडात सगळ्यात आधी चमकायच्या त्या मुंडावळ्या, त्यामुळे त्याला सगळ्यात पुढे ठेवला. एक मालट्रक असा अंगावरून गेला की एकजण बांधावरून पलीकडच्या चरात पडला. गुडघ्यापर्यंत चिखल, चष्मा गायब. नशा कुठल्या कुठे गेली. ट्रेकची सवय असलेली पोरं आहेत ही, साडेचार किलोमीटर म्हणजे काहीच नाही त्यांना. अंतराचा प्रश्नच नव्हता.

रात्री हा रस्ता चालू नका. शूरपणा दाखवायची जागा नाही ती. चालावंच लागलं तर उजव्या कडेने, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून, एकामागे एक, आणि प्रत्येकाच्या अंगात चमकणारं पिवळं जाकीट. ती जाकिटं स्वस्त असतात, डब्लिनहून निघतानाच गाडीत टाका. ती घालून पबमध्ये गेलात तर कोणी हसणार नाही. स्टॅगमध्ये लोक याहून भयंकर कपडे घालतात.

आणि मुळात ही वेळच येऊ देऊ नका. पैसे भरण्याआधी घरमालकाकडे एअरकोड मागा. एअरकोड म्हणजे इथला सात अक्षर-अंकांचा पोस्टकोड, प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र. नकाशात टाकला की थेट दारावर बोट. पण पूर्णच मागा. पहिली तीन अक्षरं ए ९१ असतील आणि ती बघून खूश व्हाल, तर ए ९१ मध्ये डंडॉकसकट आसपासचा सगळा मुलूख येतो. बुकिंगच्या साइटवर पैसे भरेपर्यंत नुसतं एक गोल वर्तुळ दिसतं. त्या वर्तुळाच्या मध्यावर गावाचं नाव असलं म्हणून घर तिथे असतं असं नाही. पूर्ण एअरकोड द्यायला मालक का-कू करत असेल तर निदान एवढं विचारा: घरापासून पबपर्यंत सलग फुटपाथ आहे का? हो की नाही, एका शब्दात उत्तर घ्या. लांबलचक उत्तर आलं की समजायचं, नाही.

गावात घर मिळालंच नाही तर मिनीबस आधीच ठरवा. जाण्याची वेळ, येण्याची वेळ, एकूण भाडं, तिन्ही मेसेजमध्ये लिहून घ्या. दुसऱ्या रात्री आम्ही दुपारी फोन करून एक गाडी ठरवली आणि भाव ‘नेहमीचाच’ असं उत्तर ऐकून गप्प बसलो. रात्री एक वाजता तो नेहमीचा भाव माणशी निघाला. गाडीमागे नव्हे, माणशी! दोन फेऱ्यांत सगळे घरी पोचले तोवर जेवढे गेले तेवढ्यात एखाद्याचं जेवण झालं असतं, पेयांसकट. भांडायला अंगात त्राण नव्हतं. तो माणूस हे ओळखून होता.

पैशांचं आणखी एक. स्टॅग आहे हे मालकापासून लपवू नका. बरीच घरं स्टॅग आणि हेनला सरळ नाही म्हणतात. लपवून गेलात आणि शेजाऱ्याने रात्री फोन केला तर अनामत गेलीच म्हणून समजा. सांगितलं की भाव थोडा चढतो, दोन रात्रींची अट येते, अनामतही वाढते, पण झोप शांत लागते. ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार इथे बँक हॉलिडे असतो. तो वीकेंड टाळा, सगळंच महाग.

जमवाजमव करणाऱ्याने स्वतःच्या कार्डावर सगळं भरून नंतर हिशेब करू नये. आपल्या लोकांचं ‘बघतो, बहुतेक येतोच’ म्हणजे नाही. आयरिश लोकांचं ‘आय विल, येह’ हेही नाहीच, फक्त सूर वेगळा. पैसे आले तो माणूस आला. घर, शनिवारचं जेवण आणि मिनीबस एवढ्याचे आगाऊ घ्या, बाकी ज्याचं त्याने. रेस्टॉरंट मोठ्या टोळीसाठी ठरलेला मेन्यू देतात आणि बिलात सेवाशुल्क आधीच लावलेलं असू शकतं. बिल नीट वाचा, नाहीतर वर पुन्हा टिप ठेवाल.

राउंडबद्दल स्पष्ट सांगतो. आयरिश पबमध्ये एकाने सगळ्यांसाठी घ्यायचं, मग दुसऱ्याने, असा फेरा चालतो. चार जणांत ही रीत गोड आहे. दहा-बारा जणांत सत्यानाश. पहिलाच माणूस सत्तरएक युरोला बसतो, शेवटच्याची पाळी येईस्तोवर कोणी उभा नसतो आणि जो पीत नाही तो दुसऱ्यांच्या गिनेसचे पैसे भरत राहतो. तीन-चार जणांचे गट पाडा, किंवा सगळ्यांनी सारखी वर्गणी काढून एका शुद्धीतल्या माणसाच्या हाती द्या. न पिणाऱ्यांनी गिनेस झीरो मागावी, ग्लासात कोणाला फरक कळत नाही. घरी काही आणून ठेवायचं असेल तर दुकानातली दारूविक्री रात्री दहाला बंद होते, रविवारी दुपारी साडेबाराच्या आत सुरूच होत नाही. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणाऱ्यांनी घड्याळ बघून निघावं.

खाण्यात मासे-मटण खाणाऱ्यांची चैन आहे. इथली कालवं नावाजलेली, मेंढीचं मटणही छान. शाकाहाऱ्यांनी आधी कळवलं नाही तर चिप्स आणि सूप. एकाच्या बायकोने दिलेले धपाटे रात्री दीडला जे काही लागले म्हणता!

शनिवारी सकाळी अर्ध्यांनी कयाक वगैरे केलं. थंड होतं, मजा आली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बाकीचे आम्ही स्लीव्ह फॉयवर गेलो, आणि आदल्या रात्रीचा सगळा राग तिथे धुऊन निघाला. ५८९ मीटर म्हणून हसू नका. सुरुवात समुद्राच्या पातळीपासून आहे, म्हणजे सगळेच्या सगळे मीटर चढायचे. गावातून ताईन वे या पायवाटेच्या खुणा धरून खिंडीपर्यंत जायचं. तिथे ती वाट सोडून शिखराकडे वळलं की खुणांचा आधार संपतो आणि पुढे ओला खडक, मेंढ्यांच्या फसव्या वाटा आणि पाय ओढून घेणारा बॉग, म्हणजे दलदल. घोट्याच्या वर जाणारे बूट नसतील तर खिंडीतूनच परत फिरा. ढग उतरला तरी परत फिरा, कारण पाच मिनिटांत पुढचा माणूस दिसेनासा होतो. अडकलात तर ११२ ला फोन करून माउंटन रेस्क्यू मागायचं.

पण उघडलं की काय दिसतं! खाली पिटुकलं गाव, पलीकडे मोर्नचे डोंगर, मध्ये चांदीसारखी खाडी. आमच्या आयरिश दोस्तांपैकी एकाने तिथे उभं राहून लेप्रिकॉनची, म्हणजे आयरिश लोककथांतल्या बुटक्या जादुई माणसाची, कथा सांगितली. १९८९ मध्ये गावातल्या एका पबमालकाला म्हणे याच डोंगरावर हिरवे कपडे आणि हाडं सापडली. हँगओव्हर असूनही प्रत्येकाने चढावं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आता घरी बसून सांगायचं तर ज्यांनी रात्री तीनपर्यंत जागरण केलं त्यांना नेऊ नका. आमच्यातल्या दोघांनी वाटेत जे केलं ते मेंढ्यांनीही बघितलं नसतं तर बरं.

डोंगर नको असेल त्यांनी खाडीकाठच्या ग्रीनवेवरून ओमीथपर्यंत सायकल मारावी. सात किलोमीटर, सपाट.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी मात्र इथे कान उघडे ठेवायचे. ओमीथ आयर्लंडमध्येच आहे, पण पुढे न्यूरीच्या दिशेने गेलात की उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंग्डम. चौकी नाही, फाटक नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाच्या पाट्या मैलात येतात, झाली सीमा. तुमच्याकडे फक्त आयरिश आयआरपी कार्ड (इथला निवास परवाना) असेल तर पलीकडे जायला ब्रिटिश व्हिसा लागतो. कोणी अडवलं नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. टोळीतला आयरिश माणूस हमखास म्हणतो, न्यूरीत दारू स्वस्त आहे, चला पटकन जाऊन येऊ. त्याला जाऊ द्या, तुम्ही गाडीत बसू नका. ग्रीनोरहून खाडीपार ग्रीनकॅसलला जाणाऱ्या फेरीचंही तेच, ती उतरवते पलीकडच्या देशात. फोनसुद्धा मधूनमधून पलीकडचं नेटवर्क पकडतो. तुमच्या प्लॅनमध्ये यूके धरलेलं नसेल तर रोमिंग बंद करून ठेवा.

रविवारी परत गाडी कोण चालवणार हे शुक्रवारीच ठरवा, आणि त्या माणसाने शनिवारी रात्री लवकर थांबायचं. शरीरातून दारू उतरायला एका प्रमाणित मापामागे साधारण तास लागतो, एका पिंटमध्ये अशी दोन मापं. सहा-सात पिंट रिचवून झोपलेला माणूस सकाळी दहाला ताजातवाना दिसतो, पण गार्डाच्या, म्हणजे इथल्या पोलिसाच्या, नळीत फुंकला तर पकडला जाऊ शकतो. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, पण आपल्यातले कित्येकजण इथे नुकतीच परीक्षा पास होऊन एन प्लेट लावून फिरतात. त्यांना ती २० आहे, म्हणजे शून्यच धरा. आमच्या दोन गाड्यांपैकी एक दुपारी तीनपर्यंत गावातच उभी राहिली, कारण तिचा चालक सकाळी स्वतःच म्हणाला की आज मी नाही. सगळ्यांनी कुरकुर केली, मग चौकातल्या पायऱ्यांवर बसून कॉफी प्यायली. ठरलेल्या चालकाचं घर, जेवण आणि पेट्रोल बाकीच्यांनी भरायचं, हे आधीच सांगून टाका. चालवायला माणूस लगेच मिळतो.