कवेलूच्या खोलीची जन्मतारीख

आमच्या शाळेची कवेलूची (कौलारू) खोली पाडायला मला चौदा महिने लागले. त्यातले नऊ गेले एका ओळीपायी: 'बांधकाम वर्षाचा पुरावा जोडावा.'

मी पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक. खोलीची भिंत पोटातून फुगलेली, आढ्याला वाळवी. दुसरीची पोरं मी आधीच व्हरांड्यात आणली होती. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, फोटो, अभियंत्यांची पाहणी, सगळं भराभर झालं. (ठराव धानाच्या रोवणीआधी घ्या. समितीत 75 टक्के पालक असतात आणि जुलैत सारे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. चार सह्या मी चिखलात उभं राहून घेतल्या. ओल्या हातात पेन ठरेना.)

मग निर्लेखनाची, म्हणजे खोली कागदोपत्री रद्द करून पाडायच्या परवानगीची, फाईल तालुक्याच्या बांधकाम कार्यालयात गेली आणि तिथंच बसली.

"गुरुजी, खोली कोणत्या सालची?"

"जुनी आहे साहेब."

"जुनी म्हणजे किती? आमच्या नोंदवहीत तर ती नाहीच."

नोंदच नाही ती खोली पाडायची परवानगी कशी द्यायची, हे त्यांचं म्हणणं. नोंद नसलेली खोली पोरांच्या डोक्यावर पडली तर जबाबदार कोण, हे माझं. तिसऱ्या फेरीला मी ते जरा मोठ्यानं बोललो, तर पुढचे दोन महिने फाईलच सापडेना. तेव्हा आवाज चढवू नका. आणि दिलेल्या प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. तो दाखवला तेव्हा कुठं फाईल 'सापडली'.

गावात कुणाला जातीचा दाखला काढायचा असला, जन्मतारखेचा घोळ असला, की माणूस माझ्याकडे येतो. दाखल-खारीज रजिस्टर उघडून मी ती काढून देतो. साऱ्या गावाच्या जन्मतारखा माझ्या कपाटात आणि शाळेच्याच खोलीची नाही! 'मुख्याध्यापक म्हणजे गावाचा नेता' असं प्रशिक्षणात दोन दिवस ऐकून आलो होतो. खोलीचं वय कसं काढायचं, ते काही त्यात नव्हतं.

शेवटी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडला. मागून एक आजोबा म्हणाले, "मास्तर, माह्या बापानं बंडीनं मुरूम आनला होता तिच्यासाठी. तवा जिल्हा परिषद नोती, जनपद होतं."

तिथं माझी ट्यूब पेटली. जिल्हा परिषदा आल्या 1962 साली. त्याआधी आपल्याकडे ते काम जनपद सभा बघायच्या. खोली परिषदेहून वयानं मोठी, मग तिच्या वहीत सापडणार कशी?

घरी न जाता शाळेतली लोखंडी पेटी उपसली. तळाशी शेरेबुक. तपासणीला आलेल्या साहेबांचा 1959 चा शेरा: 'नवीन खोलीचे छप्पर झाले. दारे बाकी.' पानाचा काठ वाळवीनं खाल्लेला, साल शाबूत. साक्षांकित प्रत दिली आणि आठ दिवसांत मंजुरी! त्या दिवशी साहेबांना चहा मीच पाजला. राग मात्र अजून आहे. पेटी बघा, हे पहिल्याच दिवशी सांगायला त्यांचं काय जात होतं?

हो, एक राहिलं. जुन्या सामानाच्या लिलावाआधी छपराचे सागवानी फाटे मोजून त्यांवर खडूनं आकडे टाका. आमचे दोन एका रात्रीत कमी झाले.