बाबांचा नाण्यांचा डबा

आज अख्खी दुपार बाबांनी जमवलेली स्मारक नाणी घेऊन बसले होते आणि खरं सांगते, उठावंसंच वाटत नव्हतं. सगळ्यात जास्त चमकणारं ते मोठ्ठं 'सोन्याचं' नाणं निघालं नुसता मुलामा, भिंगातून कड बघितली तर आतलं तांबं दिसलं, आणि जे काळपट म्हणून बाजूला सारलं होतं ते मात्र अस्सल चांदी, बारीक अक्षरात ९९९ कोरलेलं, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध!

चांदीची खात्री अशी केली, वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य केलं आणि नाणं दोऱ्याने पाण्यात बुडवून लटकवलं, तळाला टेकू दिलं नाही. ३१.१ ग्रॅमच्या नाण्याला काट्यावर साधारण ३ ग्रॅम दिसले, म्हणजे घनता (नाण्याचं वजन भागिले हे ३) १०.५ च्या आसपास, बरोब्बर चांदीची. सोन्याला मात्र एवढ्यावर भागत नाही कारण टंगस्टनची घनता जवळपास सोन्याइतकीच असते, ते जाणकाराकडूनच तपासून घ्यायचं.

क्रुगररँड, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं एक औंसाचं सोन्याचं नाणं, ३३.९ ग्रॅम भरलं तेव्हा जरा घाबरलेच, सोन्या-चांदीचा एक औंस (ट्रॉय औंस) म्हणजे ३१.१ ग्रॅम ना? पण ते २२ कॅरेटचं असतं, शुद्ध सोनं एक ट्रॉय औंस आणि बाकीचं त्यात मिसळलेलं तांबं, म्हणून तो लालसर रंग.

आणि प्लीज, काळं पडलेलं नाणं घासू नका हो, धातूची किंमत राहते पण संग्राहक देतात ती वरची किंमत जाते.

तळाशी बाबांच्या अक्षरातली यादी सापडली, वर्ष, वजन, शुद्धता सगळं पेन्सिलने लिहिलेलं. उद्या एकेक ताडून बघणार.