हेल्मेट साडेबाराशेचं की बारा हजारांचं?

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात उजळाईवाडीजवळ सर्व्हिस रोडला वाळूवर गाडी घसरली. वेग तीसच्या आतच असेल, पण खांदा आणि डोकं एकदमच आपटलं. खांदा आठवडाभर ठणकला, डोक्याला काही नाही. घरी हेल्मेटचं आतलं कापड सोडवलं तर थर्माकोलला बोटभर चीर. हा थर्माकोल दबून धक्का गिळतो, आणि एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणजे वरून नुसतं खरचटलेलं हेल्मेट बाद. साडेबाराशेचं होतं बिचारं.

शाहूपुरीत नवं बघायला गेलो, धाकटा भाऊ बरोबर. त्याचं एकच, “दादा, सव्वा लाखाची गाडी अन् डोस्क्यावर हजाराचं? ते बारा हजारवालं घे की.”

दुकानदार सरळ गडी. म्हणाला, “आयएसआय दोन्हीवर हाय.” खरंय, जून 2021 पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकताच येत नाही. महागड्यावर त्याखेरीज ईसीई 22.06 चा शिक्का होता. त्या युरोपच्या चाचणीत डोकं तिरकं आपटून पिळवटतं तोही मार तपासतात. शिवाय कवच फायबरचं.

पण घातल्यावर पाच मिनिटांत कपाळाच्या मधोमध टोचायला लागलं. एक साइज मोठं घेतलं, पट्टा लावला आणि भावाला मागून वर ओढायला सांगितलं, तर सरळ नाकावर आलं! पडताना असंच निघून गेलं तर बारा हजार काय कामाचे?

शेवटी 4,200 चं बसलं. आयएसआय आणि ईसीई दोन्ही, गाल असे दाबतं की बोलताना आतून चावले जातात. काचेला पिनलॉक, म्हणजे आतून बसणारी दुसरी पातळ काच आहे, त्यामुळे पावसात धुकं धरत नाही. हायवेला वाऱ्याचा आवाजही कमी. जास्तीचे पैसे मला तरी इथंच वसूल झाले. वजनाचं मात्र दुखणं आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवलं, दीड किलोच्या वर. दुकानदार म्हणाला, “एवढा गूळ देऊ का?” पहिला आठवडा मान अवघडली होती.

जुनं हेल्मेट भाऊ ठेवायला निघाला होता, “मागं बसणाऱ्याला चालंल की.” कात्रीनं पट्टा कापला आणि भंगारवाल्याला दिलं.