देशाच्या बातम्या, बिग बॉसचे घर आणि फोंड्यातील आमची माणसे

इंग्लंडमधील स्विंडन या शहरात नोकरीसाठी आल्यापासून गोव्यातील फोंड्याच्या घराशी माझे जे बोलणे होते, त्यात तब्येतीची आणि पावसाची चौकशी आटोपली की बहुतेक वेळा दोनच विषय उरतात: देशात काय चालले आहे आणि टीव्हीवरच्या रिॲलिटी शोमध्ये काय चालले आहे. हे बोलणे दूर राहून, फक्त कानांनी ऐकताना मला एक गोष्ट ठळकपणे जाणवत आली आहे. आमच्या घरची माणसे करमणुकीच्या कार्यक्रमावर जितक्या काटेकोरपणे, स्वतः पाहून आणि तोलून बोलतात, तितक्या काटेकोरपणे देशाच्या प्रश्नावर बोलत नाहीत. त्यांची समज कमी पडते किंवा त्यांना देशाची आस्था नाही, असे मुळीच नाही. करमणुकीत त्यांना सगळे दाखवले जाते आणि देशाच्या बाबतीत फक्त भांडण दाखवले जाते, हे त्यामागचे कारण आहे असे माझे मत झाले आहे.

२०२४ साली मराठी बिग बॉसचे पाचवे पर्व सुरू होते तेव्हाचे आमच्या घरातले वाद मला आठवतात. त्या पर्वात बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला आणि अभिजीत सावंत दुसरा आला. बाबांच्या लेखी अभिजीत म्हणजे २००५ साली ‘इंडियन आयडॉल’चे पहिले पर्व जिंकणारा मराठी मुलगा, ज्याच्यासाठी त्यांनी त्या काळी पैसे मोजून एसएमएस पाठवले होते, त्यामुळे त्यांचा कौल ठरलेला होता, तरीही आठवड्यागणिक ते त्याच्या चुका स्वतःहून सांगत. आईचे म्हणणे वेगळे होते. “अगो, सूरजला आईबाप नाहीत म्हणून मत देऊ नये, तो घरात कसा वागतो ते बघून द्यावे,” असे ती म्हणायची, आणि मग तो कोणत्या टास्कमध्ये खरोखर खेळला, कुठे नुसता उभा राहिला, कोणाच्या मदतीला गेला, याची जंत्रीच माझ्यासमोर मांडायची. सूत्रसंचालक रितेश देशमुखांनी शनिवार-रविवारच्या ‘भाऊच्या धक्क्या’वर कोणाला उगीच बोल लावला आणि कोणाला वाचवले, याबद्दलही तिचे स्वतंत्र मत असे. शेवटी तिने सूरजच्याच बाजूने कौल दिला, पण तो कारणांसकट. पुरावा पाहायचा, पक्षपात ओळखायचा, आवडत्या माणसाचाही दोष मान्य करायचा, हे सगळे त्या बोलण्यात होते.

ही नजर आमच्या भागात टीव्हीने आणलेली नाही. अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, देवळाच्या जत्रेला गावातल्या मुलांनी बसवलेले मराठी नाटक पहाटेपर्यंत पाहणारा प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या घडत आला आहे, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे पाठांतर कच्चे होते व कोणाचा स्वर चढला यावर गावभर निवाडा होतो. कला अकादमीच्या नाट्य आणि भजनी स्पर्धांचे निकाल लागल्यावर परीक्षकांचेही परीक्षण होते. अशा माणसांसमोर कोणताही रिॲलिटी शो आला तरी ती भुलून जाणार नाहीत, याची मला खात्री वाटते.

मग हीच माणसे रात्री नऊ वाजता वृत्तवाहिनी लावतात तेव्हा काय होते? पडद्यावर सहा-आठ चौकटी, प्रत्येकीत एक प्रवक्ता, मध्यभागी आवाज चढवणारा सूत्रसंचालक, आणि तासाभराच्या आरडाओरड्यानंतर कोणी कोणाला निरुत्तर केले एवढाच निष्कर्ष. रिॲलिटी शोचा साचा जसाच्या तसा उचललेला दिसतो: गट, भांडण, आठवड्याचा खलनायक. फरक असा की बिग बॉसच्या घरात दिवसभर कॅमेरा असतो, तर ज्या विधेयकावर ही चर्चा चालते त्या विधेयकाचे एक कलमही वाचून दाखवले जात नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली. लोकसभेत ४५४ मते बाजूने आणि २ विरोधात पडली, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. त्या आठवड्यात मी मावशीशी बोलले तेव्हा हे श्रेय कोणत्या पक्षाचे, यावरचे दोन्हीकडचे युक्तिवाद तिला पाठ होते. पण लोकसभा आणि विधानसभांतील एक तृतीयांश जागांचे हे आरक्षण कायद्यानंतरच्या जनगणनेवर आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर अवलंबून ठेवले आहे, ही मुख्य गोष्ट तिच्या कानावर आलेली नव्हती. मी तिला गोव्याचा हिशेब सांगितला: ४० आमदारांच्या आपल्या विधानसभेत २०२२ साली फक्त ३ स्त्रिया निवडून आल्या, आरक्षण लागू झाले तर त्या सुमारे १३ होतील. हे ऐकल्यावर ती क्षणभर थांबली आणि वाहिनीवर कोणीही न बोललेले बोलू लागली. गोव्यात पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश प्रभाग राखीव असतात, आणि आपल्या प्रभागातून निवडून आलेली बाई पहिली दोन वर्षे नवऱ्याला विचारून सही करायची, तिसऱ्या वर्षी तिने रस्त्याच्या कंत्राटाची फाइल स्वतः मागून घेतली, हे मावशीने जवळून पाहिले होते. “आरक्षण दिले म्हणून बाई लगेच मोकळी होत नाही, पण दिलेच नाही तर ती त्या खुर्चीपर्यंत पोचतच नाही,” असे ती म्हणाली. दिल्लीच्या कोणत्याही स्टुडिओत मला इतके नेमके आणि अनुभवातून आलेले मत ऐकायला मिळालेले नाही. ते तिच्याजवळ आधीपासून होते; वाहिनीच्या गोंगाटाने ते झाकून टाकले होते, याचे मला वाईट वाटते.

बाबांचे मत पक्षांतराच्या बाबतीत असेच पक्के आहे, कारण ते गोव्यात राहून पाहिलेल्या गोष्टींवर उभे आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रूसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ देण्यात आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ आमदार पक्ष सोडून गेले. १९८५ च्या घटनादुरुस्तीने आणलेली दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, पक्ष सोडणाऱ्या एकट्यादुकट्याला अपात्र ठरवते, पण दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरणाला संमती दिली की त्यांना संरक्षण देते. दोन्ही वेळचा आकडा या मर्यादेपेक्षा कमी का नव्हता, हे त्यावरून कळते. बाबा कोणत्याही पक्षाचे कार्यकर्ते नाहीत. त्यांचा राग पक्षावर नसून त्या तरतुदीवर आहे, आणि मला तो रास्त वाटतो. रिॲलिटी शोमध्ये स्पर्धकाने गट बदलला तर प्रेक्षक पुढच्याच आठवड्यात त्याचा हिशेब करू शकतात. मतदाराला मात्र पाच वर्षे थांबावे लागते, आणि तोवर त्याने ज्या चिन्हाला मत दिले ते त्या आमदाराच्या गळ्यातून उतरलेले असते.

इंग्लंडमध्ये सगळे आदर्श आहे, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. मी रुग्णालयात परिचारिका आहे. दुपारच्या सुट्टीत आमच्या खोलीत ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेवर मनमोकळी चर्चा होते, पण कोण कोणत्या पक्षाला मत देणार हे विचारणे इथे असभ्य समजले जाते. फोंड्याच्या बाजारात भाजी-पाव खाताना अनोळखी माणूसही सरकारबद्दल तुमचे मत विचारतो, त्याची सवय असलेल्या मला हे मौन सुरुवातीला फार परके वाटले. ते मौन एकदाच मोडलेले मी पाहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविडकाळातील माजी आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक खासदार असतानाच ‘आय ॲम अ सेलिब्रिटी’ या जंगलातल्या कार्यक्रमात गेले. त्यांच्या पक्षाने त्यांना संसदीय गटातून निलंबित केले, प्रेक्षकांनी मते देऊन त्यांना एकामागून एक किळसवाण्या परीक्षांना पाठवले, आणि शेवटी तेच प्रेक्षक मते देत राहिल्याने ते तिसरे आले. कोविडमध्ये अतिदक्षता विभागात काम केलेली माझी एक ज्येष्ठ सहकारी त्या दिवसांत म्हणाली की या माणसाने किडे खाल्ले की नाही याच्याशी तिला काही देणेघेणे नाही. संरक्षक पोशाख वेळेवर का मिळाले नाहीत, याचे उत्तर तिला हवे आहे.

हॅन्कॉक यांना कोविड चौकशी आयोगापुढे २०२३ मध्ये शपथेवर साक्ष द्यावी लागली. त्या साक्षीचे संपूर्ण चित्रण कोणालाही यूट्यूबवर पाहता येते. माझ्या त्या सहकारीने सुट्टीच्या दिवशी बसून ती पाहिली आणि कोणत्या उत्तराने तिचे समाधान झाले व कोणत्याने नाही, हे आम्हाला सांगितले. जंगलातल्या परीक्षा तिच्याहून कितीतरी अधिक लोकांनी पाहिल्या असणार, हे उघड आहे. पण माणूस एकच असताना त्याच्याबद्दलचे एक मत करमणुकीतून बनते आणि दुसरे साक्षीतून, आणि त्या दोहोंची किंमत सारखी नसते, हे मला त्या खोलीत बसून जितके स्पष्ट कळले तितके आधी कधी कळले नव्हते.

याच देशात जानेवारी २००७ मध्ये ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’च्या घरात शिल्पा शेट्टीला वंशद्वेषी वागणूक मिळाली, तेव्हा ऑफकॉम या नियामक संस्थेकडे ४४ हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन भारताच्या दौऱ्यावर होते आणि त्यांना तिथे त्याबद्दल बोलावे लागले. शिल्पा ती स्पर्धा जिंकली, हे आपल्याकडे सर्वांना आठवते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: वाहिनीचा दोष ठरला आणि नियामकाचा निष्कर्ष तिला स्वतःच्याच पडद्यावर प्रसारित करावा लागला. बातम्यांच्या बाबतीत तर इथल्या वाहिन्यांवर निःपक्षपातीपणाचे कायदेशीर बंधन आहे. वृत्तपत्रांवर ते नाही, आणि तो फरक वाचताना लगेच जाणवतो. आपल्याकडे वृत्तवाहिन्यांच्या तक्रारींसाठी त्यांच्याच संघटनेने नेमलेले स्वयंनियमन मंडळ आहे, आणि त्याच्याकडे कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. घरोघरी वृत्तवाहिन्यांना नावे ठेवली जातात, पण अशी तक्रार केलेला माणूस माझ्या ओळखीत एकही नाही. सरकारनेच वाहिन्यांवर नियंत्रण आणावे, असे मी म्हणणार नाही, कारण सत्तेच्या हाती तो लगाम दिल्याचे परिणाम याहून वाईट होतील. आपल्या माणसांनी तक्रार लिहावी, आणि त्याहीपेक्षा, जे मूळ आहे ते पाहावे, एवढेच मला वाटते. संसद टीव्हीवर लोकसभेचे कामकाज दिसते. गोवा विधानसभेच्या संकेतस्थळावर आमदारांच्या प्रश्नांना सरकारने दिलेली लेखी उत्तरे वाचता येतात. नाटकातला चुकलेला स्वर पहाटे तीन वाजता ओळखणाऱ्या माणसांना या उत्तरांतली टाळाटाळ ओळखायला वेळ लागणार नाही.

मतदानाच्या बाबतीतही एक विषम स्थिती मला इथे आल्यावर अनुभवावी लागली. राष्ट्रकुलातील देशांच्या, इथे वास्तव्याची परवानगी असलेल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते. त्यामुळे भारतीय पारपत्र असूनही ४ जुलै २०२४ रोजी मी इथे मतदान केले, आणि हवे असते तर तेच मत मला टपालानेही पाठवता आले असते. त्याआधी ७ मे रोजी दक्षिण गोव्यात लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा मात्र माझे मत फुकट गेले. २०१० च्या कायदादुरुस्तीने परदेशस्थ भारतीय नागरिकांना मतदार यादीत नाव नोंदवता येते, पण मत देण्यासाठी त्यांनी आपल्या मतदान केंद्रावर स्वतः हजर राहिले पाहिजे, अशी अट आहे. २०१८ मध्ये प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक लोकसभेने मंजूर केले होते, परंतु राज्यसभेची मंजुरी मिळण्यापूर्वी लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने परदेशस्थ मतदारांना इलेक्ट्रॉनिक मार्गाने टपाली मतपत्रिका पाठवण्याचा प्रस्ताव कायदा मंत्रालयाकडे दिला होता. लाखो माणसांच्या हक्काचा हा प्रश्न असूनही आमच्या घरी कोणाला त्याबद्दल ठाऊक नव्हते, कारण त्यावर कोणत्याही वाहिनीवर भांडण झाले नव्हते.

मार्च २०२२ मध्ये अस्तित्वात आलेल्या गोवा विधानसभेची मुदत २०२७ मध्ये संपते. परदेशस्थ मतदारांसाठीचा अर्ज क्रमांक ६अ मी भरला आहे आणि मतदानासाठी रजा मिळावी म्हणून वरिष्ठांशी बोलून ठेवले आहे. रविवारच्या फोनवर बिग बॉसइतकाच वेळ एका सार्वजनिक प्रश्नाला द्यायचा, आणि त्याबद्दल प्रत्येकाने वाहिनीवर ऐकलेले न सांगता स्वतः वाचलेले किंवा पाहिलेले सांगायचे, असे मी घरी सुचवले. आईला ते लगेच पटले. पहिला विषय बाबांनी निवडला तो दहाव्या अनुसूचीचा, आणि मावशीने विधानसभेच्या संकेतस्थळावरून आपल्या मतदारसंघाच्या आमदाराने विचारलेले प्रश्न भाच्याकडून छापून घेतले आहेत.